ग्लासावरचे ओघळ आणि वाइनचा दर्जा

वाइनच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी ग्लास गोल फिरवतो, काचेवरून उतरणारे ओघळ दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा, उंची माल आहे!’ तसं काही नसतं. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्याआधी उडून जातं. तिथला पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागावरची ओढ) वाढतो, खालची वाइन वर खेचली जाते आणि साचलेले थेंब वजनाने ओघळतात. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी हे १८५५ मध्येच उलगडलं होतं. ग्लासावर झाकण ठेवा, थोड्या वेळात ओघळ थांबतात (करून बघाच, गंमत आहे). ठळक ओघळ फार तर अल्कोहोल जास्त असल्याचं सांगतात. आंबटपणा, तुरटपणा, घोटानंतर जिभेवर रेंगाळणारी चव, यातलं काहीच त्यात दिसत नाही.