कोरडा नाला म्हणजे मोकळं रान नव्हे

‘नाला आठ महिने कोरडा, त्यात पाणी सोडायला कसली परवानगी?’ भंडारा-गोंदियाकडे राईस मिलचा विषय निघाला की पारावर हे हमखास ऐकू येतं. चूक आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात ‘प्रवाह’ म्हणजे सध्या कोरडा असलेला नालाही, अन् जमिनीखालचं पाणीसुद्धा. कलम २५ नुसार नवं सांडपाणी सोडण्याआधी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हवी; ग्रामपंचायतीचा दाखला तिथं चालत नाही. उसन्या, म्हणजे उकडलेल्या धानाच्या तांदळासाठी धान भिजवलेलं पिवळट, आंबूस पाणी नाल्यात साचतं अन् पहिल्या पावसात मामा तलावात, म्हणजे गावच्या जुन्या माजी मालगुजारी तलावात उतरतं. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात सोडलं तरी संमती लागतेच. मात्र पूर्ण अर्जावर मंडळ ४ महिने गप्प बसलं, तर संमती मिळाली असंच हे कलम धरतं. मला खटकतं ते हे.