नियम फक्त सरकारंच ठरवतात?

जहाजं आणि विमानांच्या प्रदूषणाचे आंतरराष्ट्रीय नियम फक्त सरकारं ठरवतात, कंपन्या ते मुकाट पाळतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. मत देशाचंच असतं. पण खुर्चीत कोण बसलंय तेही बघा. मार्शल बेटांची जहाजनोंदणी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली खासगी कंपनी चालवते, आणि जहाजांचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत त्या देशाच्या शिष्टमंडळात तिची माणसं बसत आली आहेत. समुद्र चढतोय तो मात्र बेटांवर!

विमानांचंही तसंच. २०२० मध्ये कोविडमुळे उड्डाणं घटली. कार्बन भरपाईच्या योजनेत एका आधाररेषेच्या वर गेलेल्या उत्सर्जनाचीच भरपाई कंपन्यांना करावी लागते. तेव्हा ही आधाररेषा २०१९-२० च्या सरासरीऐवजी फक्त २०१९ धरा, अशी मागणी विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ संघटनेने केली. जूनमध्ये ‘आयकाओ’ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेने २०२१-२३ साठी ती मान्य केली. उत्सर्जन त्या रेषेच्या खालीच राहिलं, त्यामुळे त्या तीन वर्षांत कंपन्यांवर भरपाईचा बोजा पडलाच नाही.