स्नेक प्लांट रात्री काय करतं?

"बेडरूममध्ये ठेवा, रात्रभर ऑक्सिजन देतं," असं सांगून जळगाव-धुळ्याकडेही आता स्नेक प्लांट विकतात. यातलं ऑक्सिजनचं खोटं आहे, पण हे झाड रात्री काहीतरी वेगळं करतं, हे खरं.

पानांवर सूक्ष्म पर्णरंध्रं असतात. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला ती उघडावी लागतात, पण उघडली की पाण्याची वाफ निसटते. भुसावळच्या ४५ अंशांच्या दुपारी हा सौदा फार महागात पडेल. स्नेक प्लांट म्हणून दिवसा रंध्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं. आत आलेला कार्बन डायऑक्साइड पेप कार्बोक्सिलेज हे विकर (एन्झाइम) पकडतं, त्यातून मॅलिक आम्ल बनतं आणि ते पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे साठवणीच्या पिशव्यांत, पहाटेपर्यंत साठत राहतं. ऊन आलं की रंध्रं बंद होतात. मग आम्लातून तोच वायू पुन्हा सुटतो आणि त्याची साखर होते. अंगणातली पानफुटीही हेच करते. तिची पानं सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, ही वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतात केलेली नोंद १८१५ साली छापली गेली. (तुम्ही चाखू नका, त्या पानांत विषारी द्रव्यं असतात.)

ऑक्सिजन मात्र पाण्याचा रेणू फुटल्यावर सुटतो आणि तो फोडायला प्रकाश लागतो. 'चोवीस तास ऑक्सिजन देणारा' पिंपळसुद्धा अंधारात आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. पाराला नमस्कार खुशाल करा, त्याला विज्ञानाचा टेकू कशाला? शिवाय १० बाय १० फुटांच्या, १० फूट उंच खोलीत सुमारे ५,९०० लिटर ऑक्सिजन असतो. झोपलेल्या माणसाला तासाला १५ लिटरही पुरतो.

राहिला हवा शुद्ध करण्याचा दावा. तो नासाच्या १९८९ च्या अहवालातून आला, पण ते प्रयोग लहानशा सीलबंद पेट्यांतले होते. कमिंग्ज आणि वॉरिंग या अमेरिकी संशोधकांनी २०१९ मध्ये १२ अभ्यासांतले १९६ निष्कर्ष तपासले. रंग, फर्निचर वगैरेंतून सुटणारी रसायनं इमारतीतली हवा आपोआप बदलताना जेवढी बाहेर जातात, तेवढी काढायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब. म्हणजे आपल्या त्या खोलीत किमान नव्वदेक कुंड्या! मग माणसं कुठे झोपणार?

आपल्याकडे खिडकीतला कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो, फक्त समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी हवी. काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजताना उठलेला ठसकाही खिडकी उघडल्यानेच जातो, मनीप्लांटने नाही.

तरी झाडं लावाच. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. फक्त कुंडीखालच्या बशीतलं पाणी, कूलरच्या टाकीसारखंच, आठवड्याला ओतून टाका. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.