मिनिएचर रंगवायला देण्याआधी एवढं वाचा

दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडले असतील, तर आमचं निम्मं काम तुम्हाला ठाऊक आहे. फक्त आमचे मावळे जेमतेम सव्वा इंच उंच असतात, कुणाला शिंगं असतात, कुणाला शेपटी. टेबलावरच्या खेळात सोंगट्या म्हणून वापरायच्या या चिमुकल्या मूर्ती म्हणजे मिनिएचर, आणि आम्ही त्या रंगवून देतो.

माप आधी सांगा
१९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं घेऊन खेळायच्या खेळामध्ये आज सर्रास चालणारा हिशेब म्हणजे टेबलावरचा १ इंच हा खेळातला ५ फूट. माणसाएवढ्या पात्राचा बेस, म्हणजे मूर्तीच्या पायाखालची बैठक, १ इंचाच्या चौकोनात मावला पाहिजे. ओग्रसारख्या दांडगट राक्षसाला २ इंच लागतात. बेसवर झाडाचं खोड, कवट्या, पडका खांब हे सगळं हवंसं वाटतं, पण चौकोनाबाहेर गेलेला बेस शेजारच्या सोंगटीला उभंच राहू देत नाही.

चेहरा इतका भडक का?
मूर्ती हातात घेतल्यावर हा प्रश्न हमखास येतो. खऱ्या माणसाच्या नाकाची सावली गालावर पडते. सव्वा इंची माणसाचं नाक ते केवढं, त्याची सावली दिसणार कुठून? म्हणून ती आम्ही रंगवतो. आधी काळा प्रायमर, मग वरून पांढऱ्याचा हलका फवारा, म्हणजे डोक्यावरून ऊन पडल्यासारखं दिसतं. त्यावर पातळ ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन हात. मग वॉश, म्हणजे पाण्यासारखा गडद रंग, जो आपसूक झग्याच्या चुण्यांत उतरतो. शेवटी कडांवर उजळ रेघ. मोबाइल नाकाला लावून फोटो काढलात तर हे सगळं रंगीबेरंगी पट्ट्यांसारखं दिसेल. टेबलावर ठेवा, दोन-तीन फुटांवरून बघा. आम्ही त्याच अंतरासाठी रंगवतो.

आम्हाला काय कळवायचं
पात्राची दहा पानी बखर वाचायला आम्हाला आवडते, पण रंगवताना उपयोगी पडतात त्या चार ओळी: कातडीचा रंग, कपड्यांचे दोन मुख्य रंग, धातू सोनेरी की पोलादी, आणि पायाखाली बर्फ, चिखल की फरशी. मारेकरी पात्रासाठी काळे केस, काळा झगा, काळे बूट अशी मागणी दर महिन्याला येते. टेबलावर तो नुसता ठिपका दिसतो. झगा गडद निळा करू द्या, तरीही तो मारेकरीच वाटेल.

रेझिनची मूर्ती घरी थ्रीडी प्रिंटरवर छापली असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन अतिनील प्रकाशात पूर्ण कडक करूनच आणा. बोटाला चिकट लागणाऱ्या मूर्तीवर रंग टिकत नाही. मऊ प्लास्टिकची वाकडी तलवार मात्र खुशाल तशीच द्या. गरम पाण्यात बुडवून ती आम्ही सरळ करतो, पण रंगवण्याआधी. नंतर वाकवली तर रंग तडकतो.

देखावा
भिंती, गुहा, पूल आम्ही दाट फोममध्ये कापतो. थर्माकोलचे दाणे सुटतात, म्हणून तो शक्यतो टाळतो. दगडाचा खडबडीतपणा आणायला चपाती गुंडाळायच्या फॉइलचा बोळा फोमवर दाबून फिरवतो. याहून चांगलं हत्यार अजून सापडलेलं नाही. त्यावर फेव्हिकॉल आणि काळा रंग मिसळून एक हात, कारण उघड्या फोमवर स्प्रे मारला तर त्यातल्या सॉल्व्हंटनं फोम विरघळतो. घरी डागडुजी करताना एवढं लक्षात ठेवा.

पावसाळ्यात वेळ लागतो
दमट हवेत स्प्रे व्हार्निश मारलं की कधीकधी पांढुरकं धुकं धरतं आणि महिन्याची मेहनत वाया जाते. त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही व्हार्निश ब्रशनं लावतो आणि चार दिवस जास्त मागतो. त्यावर घासाघीस नको.

घरी नेल्यावर
मूर्ती बेसला धरून उचला, डोक्याला नाही. वेफर्स खाऊन झाल्यावर आधी हात पुसा. उन्हातल्या गाडीत ठेवू नका, पातळ भाले वाकतात. कापसात गुंडाळू नका, त्याचे धागे शिंगांत अडकतात. आम्ही देतो तो फोमचा डबाच वापरा, आणि काचेच्या कपाटात कायमची जागा मिळाली की डबा परत आणून द्या. पुढच्या ड्रॅगनला लागेल.