शेंगदाणा निवडुंग

शेंगदाणा निवडुंग ही वायव्य अर्जेंटिनातील डोंगराळ भागातली, जमिनीलगत पसरणारी बुटकी जाती आहे. बोटाएवढ्या जाडीची मऊ, हिरवी खोडे गुच्छाने वाढतात. कोवळी पेरे भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसतात, म्हणून हे नाव. पुण्यातील रोपवाटिकांत मात्र ‘पीनट कॅक्टस’ म्हणूनच मागावे. काटे आखूड, पांढरे आणि केसांसारखे असतात. शेंदरी-लाल फूल ४ ते ५ सेंमी., म्हणजे खोडाच्या जाडीच्या तिप्पट-चौपट रुंद असते.

वर्गीकरण : ही जाती कॅक्टेसी कुलातील, कॅरियोफायलेलीझ गणातील. बोलीभाषेत तिधारीलाही निवडुंग म्हणतात, पण तो एरंडाच्या कुलातला. चिरल्यावर त्यातून पांढरा चीक येतो, शेंगदाणा निवडुंगात तो नसतो. वनस्पतिशास्त्रज्ञ स्पेगाझिनीने १९०५ मध्ये या जातीला सेरियस सिल्व्हेस्ट्री म्हटले. ब्रिटन आणि रोझ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये तिच्यासाठी कामेसेरियस ही स्वतंत्र प्रजाती (जातीच्या वरचा गट) केली. पुढे तिला एकिनॉप्सिस या दुसऱ्या निवडुंग-प्रजातीमध्ये घालताना अडचण आली : एकिनॉप्सिस सिल्व्हेस्ट्री हे नाव दुसऱ्याच वनस्पतीला दिलेले होते. म्हणून १९८३ मध्ये एकिनॉप्सिस कामेसेरियस असे जुन्या प्रजातीचेच नाव जातीला चिकटवले गेले. एकिनॉप्सिस हा एकाच वंशाचा गट नाही, असे २०१२ मधील डीएनए-अभ्यासात दिसले आणि अनेक अभ्यासक कामेसेरियस सिल्व्हेस्ट्रीकडे परतले. कुंडीवरच्या चिठ्ठीत दोन्हींपैकी कोणतेही नाव असले तरी रोप एकच.

लागवड : पुण्यात हे रोप मरते ते उन्हाने नव्हे, पावसाळ्याने. दोन भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग चाळलेले कुजके शेणखत असे मिश्रण उथळ कुंडीत भरावे. काळी माती अजिबात नको. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, पण उजेडात ठेवावी. बुंध्याशी खोड तपकिरी आणि पिचपिचीत झाले की मूळकूज लागली असे समजावे. तेव्हा वरची निरोगी पेरे तोडून चार-पाच दिवस सावलीत सुकवावीत आणि कोरड्या वाळूवर ठेवावीत. मुळे फुटल्यावरच पाणी द्यावे. पेरे नुसत्या धक्क्यानेही गळतात, त्यामुळे अभिवृद्धी (नवी रोपे करणे) सोपी आहे.

फुलांसाठी थंड, कोरडी विश्रांती लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत पाणी जवळपास बंद ठेवून कुंडी उघड्या गच्चीवर ठेवावी. खोडे सुरकुततात, तांबूस होतात. तो रोग नव्हे. दया येऊन याच काळात पाणी घातले, की कळ्यांऐवजी नुसती पेरेच वाढतात. कळ्या दिसू लागल्यावर पाणी हळूहळू वाढवावे. उजेड कमी पडला तर खोडे लांबट, फिकट होतात. उन्हाळ्यात लाल कोळी ही बारीक कीड लागून खोडांवर गंजासारखे डाग पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत.

बाजारात दिसणारा पिवळा प्रकार हरितद्रव्याअभावी स्वतःच्या मुळांवर जगत नाही, त्यामुळे तो कलम करूनच विकला जातो. खालचा हिरवा खुंट कुजला की वरचे पिवळे खोडही जाते.