मानमोडी : कोंबड्या व बदकांच्या मिश्र कळपातील प्रसार

मानमोडी अथवा रानीखेत हा मुख्यत्वे कोंबड्यांना होणारा अत्यंत सांसर्गिक विषाणुजन्य रोग होय. बदकांनाही त्याच्या विषाणूचा संसर्ग होतो. मात्र ती बहुधा आजारी दिसत नाहीत आणि कोकणातील घरगुती कळपांत हा रोग फसवा ठरतो तो यामुळेच.

रोगाच्या उगमाविषयी एकमत नाही. 1926 मध्ये जावा बेटावर आणि त्याच सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो आढळला. न्यूकॅसलच्या उद्रेकाचे वर्णन पशुरोग-संशोधक टी. एम. डॉइल यांनी 1927 मध्ये प्रसिद्ध केले. कुमाऊंमधील रानीखेत येथेही तो 1920–30 च्या दशकाच्या उत्तरार्धात नोंदला गेला व भारतात तेच नाव रूढ झाले. एका रोगातून बरा झालेला पक्षी दुसऱ्याला बळी पडतो, हे दाखवून डॉइल यांनी तो तत्कालीन ‘कुक्कुट प्लेग’हून वेगळा ठरविला. कुक्कुट प्लेग म्हणजे वस्तुतः पक्ष्यांचा इन्फ्ल्यूएंझा (बर्ड फ्लू), हे मात्र 1955 मध्ये स्पष्ट झाले. साहजिकच त्याआधीच्या ‘कोंबड्यांची मर’ अशा मोघम नोंदींवरून निदान करणे धोक्याचे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर 1896 मध्ये मेलेल्या कोंबड्या याच रोगाच्या बळी असाव्यात, हे मत त्यामुळे अनुमानापलीकडे जात नाही. रोग आग्नेय आशियातून बंदरामार्गे पसरला असावा, हे मत अधिक संभवनीय वाटते.

उग्र प्रकारात कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकते, हिरवट हगते, पंख लुळे पडतात आणि मान पिळवटते; मराठी नाव या शेवटच्या लक्षणावरून आले असावे. विषाणू विष्ठेतून व श्वासमार्गातील स्रावांतून बाहेर पडतो. परसात न्हाणीचे सांडपाणी माडाच्या आळ्यात साचते. बदके चोचीने तोच चिखल ढवळतात, कोंबड्या तेथेच पाणी पितात आणि रात्री दोन्ही एका खुराड्यात कोंडली जातात. अशा वेळी धडधाकट बदक पाहून पाण्याला निर्दोष ठरविणे चुकीचे होय. अर्थात दोष नेहमी बदकाचाच नसतो. बाजारातून आणून लगेच कळपात सोडलेला कोंबडाही पुरेसा होतो.

बर्ड फ्लूमध्येही बदकाची भूमिका बरीचशी अशीच असते, परंतु त्याच्या विषाणूचे काही एच5एन1 वाण बदकांनाही मारतात. जानेवारी 2021 मध्ये दापोली येथे या रोगाची पुष्टी झाली होती. उलट बदकांचा प्लेग हा नागीण-विषाणूंच्या कुलातील विषाणूमुळे होणारा रोग कोंबड्यांना होत नाही.

प्रतिबंधासाठी लासोटा व एफ या सौम्य वाणांच्या लसी पिलांना देतात. आर2बी ही मध्यम उग्रतेची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर टोचतात. लस मृत्यू टाळते, पण संसर्ग व विषाणूचे उत्सर्जन पूर्णपणे थांबवीत नाही. लस थंड ठेवावी लागते, ही वाड्यावस्त्यांवरील खरी अडचण असून तीवर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियात आय-2 हा उष्णतासह वाण विकसित करण्यात आला.