कल्हईतलं कथील आणि न्यूट्रॉनची जोडी

कोल्हापुरात पितळी पातेल्यात पांढरा रस्सा करायचा तर आधी कल्हई हवी. भात्यावर भांडं तापलं की चिमूटभर नवसागर पडतो, भपकन धूर उठतो, कथलाची कांडी टेकते आणि कापसाचा बोळा झरझर फिरतो. त्या कथलातला साधारण दर सातवा अणू ‘कथील-११६’ असतो: ५० प्रोटॉन, ६६ न्यूट्रॉन. इटलीतल्या लेन्यारो प्रयोगशाळेत नेमकं हेच अणुकेंद्रक वेगानं निकेल-६०वर सोडलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

न्यूट्रॉन जोडीनं राहतात याची खूण कथलातच सापडते. कथील-११६ मधून एक न्यूट्रॉन उपटायला सुमारे ९.६ एमईव्ही (केंद्रकातली ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते. कथील-११७ मधला एकटा पडलेला न्यूट्रॉन ६.९ मध्येच सुटतो. ११८ ला पुन्हा ९.३! अतिवाहक, म्हणजे विनारोध वीज वाहू देणाऱ्या, धातूत इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात, तसंच केंद्रकातही घडत असावं, असं ओगे बोर, मॉटेलसन आणि पाइन्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५८ मध्येच मांडलं होतं.

पण जोडी आहे म्हणजे ती जोडीनंच उडी मारते का? लेन्यारोत हेच तपासायचं होतं. कथलाच्या केंद्रकांच्या शलाकेची (झोताची) ऊर्जा मुद्दाम इतकी कमी ठेवली की दोन्ही केंद्रकं प्रोटॉनांच्या प्रतिकर्षणामुळे एकमेकांना न भिडताच मागे फिरावीत. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं किमान अंतर सुमारे १२ ते १५ फेमटोमीटर (एक फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग). न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. तो मधली फट ‘टनेलिंग’नं, म्हणजे ऊर्जा पुरेशी नसतानाही अडथळ्यातून आरपार निसटण्याच्या क्वांटम करामतीनं, ओलांडून कथलातून निकेलमध्ये जातो. एक न्यूट्रॉन जाण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर दोघं आपापले गेल्यास ती दहा हजारांत एक व्हायला हवी. प्रत्यक्षात दोघं जाण्याचं प्रमाण अशा हिशेबापेक्षा जास्त निघालं.

मोजणी ‘प्रिझ्मा’ या चुंबकीय वर्णपटमापकानं, म्हणजे चुंबकानं कण वळवून ते ओळखणाऱ्या उपकरणानं, झाली. जड कथील हलक्या निकेलवर सोडण्यातली हुशारी मला फार आवडली: धक्का खाल्लेलं निकेल पुढच्या दिशेला भरपूर ऊर्जेनं निसटतं, त्यामुळे ते निकेल-६१ (एक न्यूट्रॉन आला) की ६२ (दोन आले), हे ओळखणं सोपं जातं. आणि जोडीचा विचार धरून केलेलं गणित मोजलेल्या आकड्यांशी जुळलं, वरून कुठलाही गुणक न चिकटवता. याआधी कॅल्शियम-४० आणि झिर्कोनियम-९६ च्या प्रयोगात गणित जवळपास तिपटीनं कमी पडलं होतं.

जोडी म्हणजे चिकटलेले दोन गोळे नव्हेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेत नवरा-बायकोमध्ये दहा माणसं घुसली तरी दोघं एकाच दिशेनं सरकतात, तसं काहीसं. म्हणून बहुतेकदा न्यूट्रॉन एकामागून एक ओलांडतात, तरी जोडी तुटत नाही. ‘दोघं एकदम उडी मारतात’ हे चित्र सोपं आहे, पण फसवं.

शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याला यात हात घालायचा असेल, तर इटलीच गाठायला हवी असं नाही. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात ‘हिरा’ या उपकरणावर सिलिकॉन-२८ आणि झिर्कोनियम यांच्यातली न्यूट्रॉनांची देवाणघेवाण मोजली गेली आहे.